पूर्ण वाक्यात सांग

पहिलीच्या वर्गात बाई चित्र दाखवतात आणि विचारतात, "मांजर कुठे बसलं आहे?" मूल म्हणतं, "पाटावर." कुठल्याही घरात एवढं उत्तर पुरतं. शाळेत पुरत नाही. "पूर्ण वाक्यात सांग!" मग मूल हाताची घडी घालून, मानेला हिसका देत, ठरलेल्या सुरात म्हणतं, "मांजर पाटावर बसलं आहे." शाब्बास, बस खाली.

हेच मूल घरी आईच्या "डबा खाल्लास का?" ला "होय आई, मी डबा खाल्ला आहे" असं म्हणालं, तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल. मराठी माणूस मागच्या वाक्यात येऊन गेलेलं पुन्हा उगाळत नाही. कर्ता तर सर्रास गाळतो. 'आली' म्हटलं की कोण आली हे मागचं बोलणं आणि क्रियापद मिळून सांगतात. म्हणजे 'पाटावर' म्हणणाऱ्या मुलाला प्रश्न नीट कळला होता आणि त्याने उत्तर प्रश्नाला बरोबर जोडलं होतं. शाळेने पहिल्याच दिवशी ते जोडकाम उसवलं आणि वाक्यांना कवायतीला उभं केलं, एकेक हात अंतर सोडून.

पुढची दहा वर्षं हीच कवायत. एका वाक्यात उत्तरे लिहा. जोड्या लावा. वाक्यात उपयोग करा. कोण कोणास म्हणाले? (ते का म्हणाले, ही चौकशी बहुधा अभ्यासक्रमाबाहेरची.) आणि मग नववीत सरांचा सूर लागतो, "हल्लीच्या पोरांना सलग चार ओळी लिहिता येत नाहीत हो!" अहो, कशा येतील? सलग लिहायला मागितलं कधी?

मागितलं की काय मिळतं, तेही बघा. विषय : पाण्याचे महत्त्व. "पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय मानव जगू शकत नाही. आपण पाणी जपून वापरले पाहिजे. पाणी अडवा, पाणी जिरवा. पाण्याचे प्रदूषण थांबवणे ही काळाची गरज आहे." आता कात्री घ्या, ही पाच वाक्यं कापा, टोपीत घालून हलवा आणि हाताला येतील तशी वहीत चिकटवा. निबंध जसाच्या तसा! दहापैकी सात मार्क, शेरा 'छान'. 'काळाची गरज' सुरुवातीला आली काय आणि शेवटी आली काय, काळाला आणि गरजेला दोघांनाही फरक पडत नाही.

त्याच वर्गातली एखादी मुलगी मार्च महिन्यात उशिरा येते आणि दारात उभी राहून सांगते, "टँकर आला ना बाई, म्हणून आई म्हणाली थांब, पण पाइप आधी सरपंचाच्या आळीत नेला, मग आमचा नंबर येईस्तोवर निम्मं पाणी संपलं, तरी दोन हंडे भरले, आणि तेवढ्यात एस्टी गेली." यातला एक तुकडा हलवून बघा. हलत नाही. 'म्हणून', 'पण', 'तरी', 'तेवढ्यात' जागच्या जागी बसलेत. कारण आहे, परिणाम आहे, गावाचं राजकारणही आहे. पाण्याचं महत्त्व यापेक्षा कोण काय सांगणार? बाई काय म्हणतात? "कारणं सांगू नकोस. जागेवर बस आणि निबंध लिही : पाण्याचे महत्त्व."

मेळघाटातलं कोरकू मूल आणि पालघरचं वारली मूल यांच्या नशिबी आणखी एक फेरा. घरच्या भाषेत ती तासभर गोष्ट रंगवतात. शाळेच्या मराठीत त्यांच्याकडून एकेक शब्द काढून घेतला जातो आणि नोंद होते, 'विद्यार्थी बोलत नाही.'

आता वर्गातल्या बोलण्याकडे येऊ. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्थार्ड या दोघांनी १९७५ साली इंग्लंडमधल्या वर्गांतलं बोलणं तपासून त्याचा साचाच मांडला : शिक्षक विचारणार, मूल उत्तर देणार, शिक्षक शेरा मारणार. की पुढचा प्रश्न. तीन पावलं, आणि त्यातली दोन शिक्षकांची. आपण महाराष्ट्रात यात मोलाची भर घातली आहे. आपल्याकडे उत्तरसुद्धा अर्धं शिक्षकच देतात. "वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात, या क्रियेला म्हणतात प्रकाशसंश्ले..." आणि साठ गळ्यांतून, "षण!" "महाराजांचा जन्म झाला शिवने..." "री!" पाहुणे खूश, वर्ग जिवंत, मुलांचा सहभाग शंभर टक्के. दरडोई वाटा एक-दीड अक्षराचा, एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात आणखी एक चोरी पकडली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. तीन सेकंद! पण आपल्याकडे पोर्शन संपवायचा असतो. मुलं काय, नंतरही बोलतील.

वाचनाचंही तेच. २०२१ साली केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आलं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, 'अर्थासह', असं त्याचं लक्ष्य. साठ शब्द मोबाइलच्या घड्याळात धरता येतात. 'अर्थासह' कुठल्या रकान्यात भरायचं, हे कळेपर्यंत मिनिट संपलेलं असतं. मग मूल सुसाट सुटतं. पूर्णविराम लाल सिग्नलसारखा तोडतं, 'परंतु' आला तरी आवाज तसूभर बदलत नाही, आणि धड्यातला म्हातारा मेला की नाही हे विचारलं तर गोंधळून बाईंकडे बघतं. असं कधी कुणी विचारतच नाही ना!

अर्थ कशाने लागतो, हे बघायला ब्रान्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली लोकांना एक उतारा ऐकवला होता. शब्द सगळे सोपे, वाक्यं सरळ, तरी कुणाला धड काही कळेना. उतारा कपडे धुण्याबद्दल आहे, एवढं आधी सांगितलेल्यांना मात्र कळलाही आणि लक्षातही राहिला. ऐकून झाल्यावर सांगितलं, तर काही उपयोग झाला नाही. आपल्या कीर्तनकारांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नव्हती. पूर्वरंगात विषय मांडून घ्यायचा, मग उत्तररंगात आख्यान लावायचं. अक्षरओळख नसलेल्या आजीला मागचं-पुढचं सगळं लागतं, ते या बांधणीमुळे. आमच्या वर्गात धड्याचं नाव फळ्यावर लिहायचं ते तारखेखाली, अधोरेखित करण्यासाठी.

इंग्रजीच्या तासाबद्दल फार बोलू नये. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पुष्कळ वर्गांत ते एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी असं चालतं. वाक्याचा अर्थ कळतो, धड्याचा राहतो. आणि शेवटी उरतं ते 'मे आय कम इन, सर?' आत आल्यावर काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून पुढे महिनाभराचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचा. तिथे रोजच्या वापरातल्या सुट्या वाक्यांची यादी मिळते.

तसा सुधारणेचा प्रयत्न झालाच नाही असं म्हणवत नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली 'सृजन आनंद' ही शाळा काढली, तिथे मुलांचं स्वतःचं बोलणं-लिहिणं हाच अभ्यास धरला. सरकारनेही प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आणली. तीत 'स्वमत' आलं. विद्यार्थ्याने स्वतःला काय वाटतं ते कारणं देऊन, एकाला एक जोडत लिहावं. कल्पना झकास! तिचं काय झालं, ते जूनमध्ये कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात दिसतं. गाइडमध्ये प्रत्येक धड्याखाली स्वमत छापलेलं, आठ ते दहा ओळींत. लाखभर मुलांचं मत एक, स्वल्पविरामही त्याच जागी. "माझ्या मते" इथून सुरुवात करायची, हेही पाठ करून घेतात.

ही मुलं मोठी होऊन कुठे जातात म्हणता? काही मंत्रालयात जातात. तिथले शासन निर्णय वाचा. 'ज्याअर्थी'पासून 'सबब'पर्यंत दीड पान, आणि पूर्णविराम एक. एका वाक्यात उत्तर लिहायची लहानपणची सवय सुटलेली नसते.

यंदाही सुट्टीत शिक्षकांना बोलावून 'संवादी वर्ग' या विषयावर प्रशिक्षण दिलं जाईल. सुलभक पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवतील, तीन तास. मुलांना बोलू द्या, ही स्लाइड सतरावी. तिच्यावर एक बाई हात वर करतील, तर त्यांना "शंका शेवटी" असं सांगण्यात येईल. शेवटी चहा येतो. चहाआधी सुलभक विचारतील, "कळलं सगळ्यांना?" सभागृह म्हणेल, "हो सर!" मग अभिप्रायाचा कागद वाटतील : आजचे प्रशिक्षण मला ______ वाटले.