घसरलेला घात

‘पृथ्वीचे वस्तुमान ५.९७ × १०२४ किलो’ हे वाक्य परीक्षेच्या गाइडांत आणि फोनवर फिरणाऱ्या ‘सामान्य ज्ञाना’त बिनदिक्कत नांदत असते. मुळात ते चोवीस दहाच्या डोक्यावर बारीक आकड्यांत बसलेले. मजकूर इकडचा तिकडे चिकटवताना ते खाली घसरते आणि दहाच्या शेजारी मांडी ठोकते. खरोखर गुणाकार करून बघायला कुणाला वेळ आहे? मला होता. पृथ्वी ६,११३ किलो भरली.

मग सूर्य घेतला. १.९९ × १०३०, म्हणजे जेमतेम २,०५० किलो. पृथ्वी सूर्याच्या तिप्पट! कोपर्निकसाने उगाच जिवाला त्रास करून घेतला म्हणायचा. प्रकाशाचा वेग ३ × १०८, म्हणजे सेकंदाला ३२४ मीटर. हवेतला आवाज ३४०च्या आसपास धावतो, तेव्हा या विश्वात आधी गडगडाट ऐकू येणार आणि मग वीज दिसणार.

लहान संख्यांची गंमत याहून न्यारी, कारण तिथे घाताबरोबर उणे चिन्हही खाली येते आणि त्याची वजाबाकी होते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.११ × १०-३१ किलो. ९१.१मधून ३१ गेले, उरले ६०. एक इलेक्ट्रॉन साठ किलोचा! प्रोटॉन खरे तर त्याच्या १,८३६ पट जड, पण १.६७ × १०-२७ केले की बिचारा उणे दहा किलोंवर येतो. अणूचा व्यास मीटरमध्ये साधारण १०-१०. उत्तर शून्य. कणादापासून चाललेला वाद एका वजाबाकीत मिटला.

घात असा वर चढवण्याची आजची पद्धत रने देकार्तच्या १६३७च्या भूमितीच्या पुस्तकातून रूढ झाली. हाताने लिहिणाऱ्याला काय, पेन जरा वर उचलले की झाले. टाइपरायटरवाल्याला त्यासाठी रूळ अर्ध्या ओळीने फिरवावा लागे आणि आकडा उमटला की आठवणीने परत आणावा लागे; विसरला तर पुढचा सगळा परिच्छेद घातांकात. संगणकवाले हुशार. त्यांनी घात वर चढवण्याचा नादच सोडला आणि मध्ये इंग्रजी ‘ई’ घालून सगळे एका ओळीत आणले. कॅल्क्युलेटरवर अचानक तो ‘ई’ उगवला की हिशेब चुकला असे वाटून पुसून टाकणारे लोक आहेत, ही गोष्ट वेगळी.

(मीही इथे खरे घात अक्षरांतच लिहितो आहे. छापखान्यापर्यंत काय काय घसरेल, सांगता येत नाही.)

भास्कराचार्यांना ही भीती नव्हती. ‘लीलावती’त त्यांनी दर स्थानाला नाव दिले आहे. एक, दश, शत करत यादी परार्धापर्यंत जाते, म्हणजे एकावर सतरा शून्ये. विश्वाचे वय सेकंदांत मोजले तर ४.३५ गुणिले दहाचा सतरावा घात. अंदाजे सव्वाचार परार्ध. परार्ध कुठूनही उचला, कुठेही चिकटवा, तसूभर हलत नाही. तेच वय आकड्यांत लिहून सतरा खाली पडू दिले, तर ४.३५ × १०१७, म्हणजे सुमारे ४,४२४ सेकंद, जेमतेम सव्वा तास. नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर महास्फोट झाला असे धरले, तर मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत आपला नंबर लागेपर्यंत दीर्घिका, सूर्यमाला, डायनॉसॉर आणि दोन्ही महायुद्धे आटोपलेली असतात.