हवाई तात्या

राळेगणसिद्धीला लोक अडवलेलं पाणी बघायला येतात. नालाबंडिंग, पाझर तलाव, यादवबाबांचं मंदिर, जमलंच तर अण्णांची भेट. पण पाहुणा तात्यांच्या तावडीत सापडला की पाणलोट राहतो बाजूला आणि तो पडतो थेट फ्रँकफर्टात. तात्यांचा पुतण्या तिथं नोकरीला आहे. असे तात्या आता पारनेर तालुक्यात गावोगाव झालेत; मुलगा, भाचा, जावई, कुणीतरी युरोपात असलं की भागतं.

फ्रँकफर्ट ते लंडन किती, हे त्यांना कुणी विचारत नाही. तरी ते सांगतात. "साडेसहाशे किलोमीटर. हवेतलं, बरं का! रस्त्यानं वाढतं, मधी समुद्र आडवा येतो." मग बंडीच्या खिशातून मोबाइल निघतो, बोट जिभेला लागतं आणि खतावणीचं पान उलटावं तसा युरोपचा नकाशा सरकतो. त्यावर पिवळी विमानं चाललेली असतात. कुठलं पुतण्याच्या घरावरून गेलं, तेही तात्या दाखवतात.

त्यांचा हुकमी डाव वेगळाच. "पॅरिसहून धाला निघालं, लंडनला सव्वाधाला टेकलं." साडेतीनशे किलोमीटर पंधरा मिनिटांत? समोरचा आ वासतो. तात्या घाई करत नाहीत. गावातल्या दुकानात तंबाखू मिळत नाही, म्हणून नुसताच तळहात चोळत बसतात. मग उलगडा : लंडनचं घड्याळ तासभर मागं. खरा वेळ सव्वा तास. त्यातही हवेत तासभर भरत नाही, बाकीचा जमिनीवर रांगण्यात जातो. "आन् येताना? धाला निघालं की सव्वाबारा!" हा हिशेब ऐकून एका शिक्षकानं वर्गात गणित घातलं. पोरांनी 'विमान बिघडले' असं उत्तर लिहिलं. मला तेच जास्त पटतं.

फ्रान्सवर मात्र तात्यांचा विशेष लोभ. आगगाडीनं अडीच तासांत पोचता येत असेल तिथली देशांतर्गत विमानं त्या सरकारनं 2023 मध्ये बंद केली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत, लिआँला उडणं संपलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदीत हयात गेलेल्या माणसाला ही उड्डाणबंदी घरचीच वाटली. "आपलंच बघून केलं आसंल," ते म्हणाले.

इतका काटेकोर माणूस गावाजवळ आला की मात्र ढिला पडतो. वाडेगव्हाण फाटा किती लांब? "हे काय, हितंच." पुण्याला किती वेळ? "वाघोलीत आडकला न्हाई तर दोन तास, आडकला तर देवाच्या हातात." पारनेरची एसटी कधी? "यील की." व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा, दोन राजधान्या पण अंतर अवघं पंचावन्न किलोमीटर, हे त्यांना तोंडपाठ. नगरचा आकडा मात्र रोज बदलतो. सोबत कोण आहे आणि पेट्रोल कोणाचं, यावर तो ठरत असावा.

परवा पुतण्याचा फोन आला : तात्या, या एकदा, तिकीट मी काढतो. अख्खा पार खूश झाला. मुंबई ते फ्रँकफर्ट, साडेसहा हजार किलोमीटर, नऊएक तास. तात्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. कुणीतरी विचारलं, पासपोर्ट?

"त्याला नगरला जावं लागतं म्हनं," तात्या म्हणाले. "लई लांब पडतं."