खोलू नका, बदला : नवशिक्या मिस्त्रीसाठी

आधी जागा. मीरा रोडला, काशीमिराच्या हायवेच्या कडेला किंवा शांतीनगरच्या एखाद्या सेक्टरात गाळा बघा. बोर्डावर ‘कॉम्प्युटराइज्ड’ हा शब्द ठळक हवा. पान्यांवर पैसे घालवू नका; दहा-बाराचा, चौदाचा, एक पक्कड, झालं. फिलर गेज तर नकोच. टॅपेटचा टकटक आवाज आला की ‘ऑइल बदलू या’ म्हणायचं.

स्कॅनर मात्र घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, नव्या दुचाक्यांतला कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि तुमचं अर्धं शिक्षण माफ झालं. जेटमध्ये तार घातलीस तर भोक मोठं होईल म्हणून उस्तादाचा ओरडा खायला नको, की इंजिनाकडे कान लावून एअर स्क्रू अर्धा आटा फिरवायला नको. (इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी अजूनही लागते, पण हे गिऱ्हाइकाला सांगू नये.)

आता खरी कसोटी पावसाळ्यात. मीरा रोडला पाणी तुंबतं, शेजारी भाईंदरची मिठागरं, हवा खारी. कोणीतरी ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेली कार घेऊन येईल. स्कॅनर लावा. समजा पी०११३ हा कोड आला. म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. सर्किटमध्ये सेन्सर येतो, वायर येते, कपलरही येतो. तुम्ही फक्त ‘सेन्सर’ एवढंच वाचा. कपलरच्या पिना हिरव्या पडल्यात का, हे बघायचा मोह होईल. आवरा. क्लीनरचा एक फवारा मारून दहा मिनिटांत गाडी बरी झाली, तर बिल कशाचं करणार?

हा प्रश्न गमतीचा नाही. आपलं गिऱ्हाईक अडीच हजारांचा पार्ट मुकाट घेतं, पण दोष शोधायला लागलेल्या तासाचे तीनशे सांगितले की म्हणतं, ‘नुसता हात तर फिरवलास!’ वर त्याला गाडी उद्या सकाळी स्टेशनला जायच्या आत हवी असते. अशा धंद्यात मल्टीमीटर घेऊन वायरीमागे कोण धावेल? डोक्याची मजुरी कोणी देत नाही. खोक्यातल्या पार्टची देतात. पोरांना आळशी म्हणणाऱ्यांनी आधी आपण भरलेली बिलं काढून बघावीत.

हाताखाली आयटीआयचा पोरगा ठेवलात, तर जपून. मोटर व्हेईकलची दोन वर्षं करून आलेला असतो, सर्किटचा नकाशा मागतो. त्याला वॉशिंगला लावा. आणि जुलै २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात मोटारीही आहेत, असं कोणी ऐकवलं तर मान डोलवा. अधिकार मिळेल तेव्हा मिळेल. दुरुस्ती करायची कोणी, हे आपल्याला कोणी विचारलेलं नाही.

तर सेन्सर मागवा, बसवा. कपलर काढताना-घालताना पिना आपोआप घासल्या जातात, त्यामुळे दिवा विझतो आणि तुमचं निदान अचूक ठरतं. पंधरवड्याने तो परत लागला, तर अख्खं वायरिंग सुचवा. जुना सेन्सर मात्र भंगारात टाकू नका. चालू आहे तो.