घोडी परत नेण्याबाबत

रा. रा. कंत्राटदारसाहेब यांसी, स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमचा फोन लागतो पण उचलला जात नाही. गेल्या तीन महिन्यांत तुमची कॉलरट्यून आमच्या घरात इतकी पाठ झाली आहे, की सौ. कणीक मळताना ती गुणगुणते. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा मात्र दिसतात, म्हणजे वाचता तुम्ही सगळं. वाचनाची आवड असलेला कंत्राटदार विरळा. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं, आणि चार लोकांदेखत लिहावं.

ओळख सांगतो. कोथरूड, दुसरा मजला, हॉलमध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आणि न्हाणीघराला लागून असलेल्या ओल्या भिंतीवर बोर्ड. तुम्ही मला ‘काका’ म्हणालात आणि माझ्या बायकोला ‘वहिनी’. हे नातं कसं जुळतं यावर आम्ही बराच विचार केला, मग सोडून दिला.

तुमचं नाव पलीकडच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं होतं. सुचवलं कसलं, गळच घातली. “त्यांनाच बोलवा, आजच बोलवा, आणि ते आले की मला एक फोन टाका,” असं दोनदा म्हणाले. कंत्राटदाराबद्दल कुणाला इतकं ममत्व वाटू शकतं हे पाहून मी भारावून गेलो.

तुम्ही आलात. मुलगा दहावीला, त्याला अभ्यासाला कोपरा हवा, एवढीच आमची मागणी. विटांची भिंत म्हणजे रेती, सिमेंट, राडारोडा, सोसायटीची परवानगी आणि स्लॅबवर वजन. बोर्डाची भिंत दोन दिवसांत उभी, हे तुमचं म्हणणं मला पटलं. आजही पटतं. त्या मालाला मी नावं ठेवणार नाही. सहा फूट बाय चार फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा पांढरा पापड, दोन्ही अंगांना कागद, आत जिप्सम. पत्र्याच्या चौकटीवर स्क्रूने आवळायचा. १८९४ साली ऑगस्टीन सॅकेट नावाच्या अमेरिकन माणसाने असल्या बोर्डाचं पेटंट घेतलं आणि तिकडची घरंच्या घरं त्यावर उभी राहिली. लहानपणी इंग्रजी सिनेमात चिडलेला नायक भिंतीत बुक्की मारायचा आणि हात आरपार जायचा, तेव्हा आम्ही त्याच्या ताकदीने थक्क व्हायचो. आमच्या वाड्यात तसं करणाऱ्याचा हात महिनाभर गळ्यात बांधलेला दिसला असता. ताकद नायकात होती असं नव्हे, ती भिंतीत नव्हती, हे मला तुमच्यामुळे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

तिकडे या प्रकाराला ड्रायवॉल म्हणतात, म्हणजे कोरडी भिंत. ओला गिलावा नाही, तो वाळायची वाट पाहणं नाही, म्हणून कोरडी. आमच्याकडे तुम्ही तिची ओली आवृत्ती काढलीत.

त्याचं असं झालं. न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे मी तुम्हाला दाखवले. तुम्ही तळहात टेकवलात, डोळे मिटलेत, वैद्यबुवांनी नाडी बघावी तसे, आणि म्हणालात, “टेन्शन घेऊ नका काका, वरून बोर्ड मारून टाकू. दिसणारच नाही.” ‘थांबेल’ असं तुम्ही म्हणाला नव्हता, ‘दिसणार नाही’ असं म्हणाला होता, हे मी नंतर शांतपणे आठवलं. तुमच्या पोरांपैकी सर्वांत लहान, तोंडाला रुमाल बांधलेला मुलगा मात्र हळूच म्हणाला होता, “साहब, पहले पाइप देखो.” तुम्ही त्याला पुट्टीची गोणी आणायला खाली पिटाळलंत. मीही काही बोललो नाही. पाइप बघायचा म्हणजे टाइल्स फोडायच्या, आठ दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायचं. त्यापेक्षा ‘दिसणार नाही’ हे मला स्वस्त वाटलं. त्या मुलाचा नंबर असेल तर कळवा. पुढच्या वेळी मी परस्पर त्यालाच विचारीन.

जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा भाग त्याच्या स्फटिकांत अडकलेलं पाणी असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघत राहतं आणि भिंत काही काळ तग धरते. तुम्ही ‘फायरप्रूफ आहे’ म्हणालात त्यात एवढं तथ्य होतं. पण बाहेरचं पाणी मिळालं की हाच बोर्ड मऊ पडतो, आणि त्याचा कागद म्हणजे बुरशीला पंगतीचं आमंत्रण. ओलीच्या जागी निदान हिरवा बोर्ड तरी लावतात. गळती त्यानेही थांबत नाही, पण तो दमट हवा जरा सोसतो. आमच्याकडे पांढराच लागला. आता मात्र तो खालून दोन फुटांपर्यंत आपोआप हिरवा होत चालला आहे, त्यामुळे याबाबत माझी तक्रार नाही.

पार्टिशनचं कौतुक करावं तेवढं थोडं. चौकटीचे उभे पत्रे दोन-दोन फुटांवर हवेत, हे मला काम झाल्यावर कळलं. फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन मी रात्री भिंत चाचपत बसलो. स्क्रू जिथे असतील तिथे ते चिकटतं. तुमचे पत्रे तीन-तीन फुटांवर निघाले. मध्ये हाताने दाबलं तर भिंत पोट आत घेते. कोटेशनमध्ये ‘आत ग्लासवूल’ असं लिहिलं होतं. आवाज अडावा म्हणून ती लोकर भरतात. मुलगा आत बसून भूमितीची प्रमेयं सोडवतो आणि बाहेर चाललेल्या मालिकेतल्या सासूच्या संवादांवर आतूनच मत देतो. लोकर कुठे गेली ते विचारत नाही. थंडीचे दिवस येताहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडली असेल.

जोडांबद्दल मात्र विचारतो. दोन बोर्ड जिथे भेटतात तिथे कागदी पट्टी बसवून तिच्यावर जोडाचा मसाला तीन हातांनी चढवायचा, आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा, अशी रीत आहे. तुम्ही आषाढातल्या एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस असताना, साधी पुट्टी एकाच हातात भरलीत आणि लगेच पॉलिश पेपर मारायला घेतलात. त्याची भुकटी अजून साखरेच्या डब्यात सापडते. श्रावणात भिंतीवर रेघ आली. जमिनीपासून बरोबर सहा फुटांवर आडवी, आणि दर चार फुटांवर उभी. तुमचं बाकी कुठलंच माप जुळलं नाही, पण भेगांचं सूतभरही चुकलं नाही.

आजोबांचा फोटो त्याच भिंतीवर लावला होता. पोकळ भिंतीसाठी आत जाऊन पंख उघडणारा वेगळा स्क्रू मिळतो, किंवा बोर्ड बंद करायच्या आधीच आत प्लायची पट्टी द्यायची असते, हे तुम्ही सांगितलं असतंत तर आजोबा मध्यरात्री खाली आले नसते. आता तिथे कालनिर्णय लावलं आहे. दर महिन्याला एकेक पान उलटलं तरी वजन तेवढंच राहतं, म्हणून धाकधूक वाटते.

आता हिशोब. भिंत दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, म्हणजे ९५ चौरस फूट. ठरलेला दर १३० रुपये. मी १२,३५० रुपये काढून ठेवले होते. तुम्ही बिल दिलंत २४,७०० चं. भिंतीला दोन बाजू असतात हे मला ठाऊक होतं, दोघींचे पैसे वेगळे असतात हे नव्हतं. बरं, दाराची २१ चौरस फूट मोकळी जागा तरी वजा करा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, “काका, दाराला कापायला मेहनत जास्त लागते.” म्हणजे त्या दारातून मी रोज जा-ये करतो ती दोन्ही बाजूंनी मिळून ५,४६० रुपयांच्या हवेतून. पुण्यात जागेचे भाव चढे आहेत हे मान्य, पण हवेचे तरी जरा बेताने घ्यायचे.

गणपतीच्या आधी येऊन भेगा भरतो म्हणालात. मग पोरं गावी गेली. मग नवरात्र. मग दिवाळीच्या आधी नक्की. कुठल्या दिवाळीच्या, हे मी विचारायला हवं होतं. जाताना तुम्ही तुमची लोखंडी घोडी हॉलमध्ये ठेवून गेलात, “राहू द्या काका, उद्या लागणारच आहे,” असं म्हणून. तिच्याकडे बघून आम्हाला किती धीर आला होता! माल ठेवून गेलाय म्हणजे माणूस येणार. तिच्यावर सध्या आम्ही कपडे वाळत घालतो. पार्टिशनपेक्षा ती कितीतरी भक्कम आहे.

असो. एक आनंदाची बातमी. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना हॉलचं छत करून घ्यायचं आहे. परवा जिन्यात भेटल्या आणि तुमच्याबद्दल विचारत होत्या. मी म्हटलं, उत्तम माणूस, त्यांनाच बोलवा, आजच बोलवा, आणि ते आले की मला एक फोन टाका. म्हणता म्हणता माझा मीच थबकलो. पलीकडच्या सोसायटीतल्या त्या गृहस्थांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी तुम्ही माप घेत असताना त्यांना फोन करायचा राहूनच गेला होता. काल त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांच्या बेडरूमच्या छताचा एक तुकडा दोन वर्षांपासून तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे.

तर गुरुवारी सकाळी दहा वाजता तुम्ही चौथ्या मजल्यावर येता आहात. वहिनींनी ॲडव्हान्स काढून ठेवला आहे, तेव्हा हे पत्र वाचूनही तुम्ही याल याबद्दल मला शंका नाही. काम छताचं आहे, घोडी लागेलच. ती दुसऱ्या मजल्यावर आहे. पलीकडचे गृहस्थ साडेनऊलाच आमच्याकडे चहाला येणार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
काका

ता. क. घोडीवरचे कपडे काढून ठेवले आहेत.