जिना कुणाचा?

श्टुटगार्टहून पुण्याला येताना मी चॉकलेटं, परफ्यूम आणि एक वाईट खोड घेऊन येतो. ही खोड तिथल्या शेजारीणबाईंनी लावली. ठरल्या आठवड्याला त्या माझ्या दाराला पाटी अडकवतात: ‘केरवोखे’. म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आता तुमची. तोवर झाडू कुठल्या बाजूने धरतात याची मला फक्त ऐकीव माहिती होती.

प्रथा जुनी आहे. ज्या १४९२ साली कोलंबस भारत शोधायला निघून भलतीकडेच पोचला, त्याच साली श्टुटगार्टने नियम केला की प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. शहराने ही सक्ती १९८८ मध्ये काढली. पण भाडेकरारात ती आहे आणि शेजारीणबाईही आहेतच.

तर कोथरूडला आईकडे शनिवारी भल्या पहाटे जाग आली. झोप जर्मनीतच राहिली होती, हात मात्र सोबत आले होते. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवादिकांच्या टाइल्स लावलेल्या. पिंक देवांचा मान राखून, वीतभर बाजूला पडलेली. मी झाडू घेतला.

पहिल्या मजल्यावरचे काका दूध घ्यायला बाहेर आले. “कधी आलास?” विचारलं मला, बघितलं झाडूकडे. “तिकडे सगळं ठीक ना?”

मी तळमजल्यावर पोचेपर्यंत बातमी वर आईपर्यंत पोचली होती. जर्मन मोटारींचा धंदा बसल्याचं पेपरात आलेलंच होतं, त्यामुळे माझी नोकरी जायला फारसा वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्याने वेगळा निष्कर्ष काढला. चेअरमन बनियनवरच खाली आले. “कमिटीत यायचं असेल तर सरळ सांग. निवडणुकीच्या तोंडावर असली नाटकं नकोत!” दुपारपर्यंत आत्याने आणलेलं स्थळही हातचं गेलं. ‘मुलगा तिकडे नक्की काय काम करतो?’ अशी चौकशी झाली म्हणे. आईने माझं नियुक्तिपत्र शोधायला घेतलं.

मग झाडलोटीच्या मावशी आल्या. जिना झाडलेला बघून पायरीवरच बसल्या.

“दादा, माझं काय चुकलं का? पगार कापणार का?”

तिकडे पाळी आली की सगळेच झाडतात, हे मी त्यांना सांगितलं.

“साहेब लोकबी?”

“साहेब लोकही.”

“मग तिथं माझ्यासारखीनं काय करायचं?”

कारखान्यातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी गप्प उभा राहिलो. मावशींनी माझ्या हातातला झाडू घेतला. “कोपरे राहिलेत,” म्हणाल्या आणि सगळा जिना पुन्हा झाडला.

आणि मी चिडलो. चपला दाराबाहेर काढून आत शिरणारी आपण माणसं वेफर्सचं पाकीट त्याच दाराबाहेर भिरकावतो. उंबऱ्याच्या आत सोवळं, बाहेर उकिरडा, आणि तो कुणी उचलायचा हे जन्मावरून ठरलेलं! मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, पण या बहिणींमध्ये घरकामाचा विषय निघालेला दिसत नाही.

तिकडचा जिना आरशासारखा असतो, मात्र त्यावर थांबून कुणी गप्पा मारत नाही. इकडे चेअरमन पोटभर भांडले आणि मग मलाच चहाला वर घेऊन गेले. वहिनींनी पोहेही केले होते.

 

परदेशातून येणाऱ्या बांधवांना एवढंच सांगणं: आपल्या सोसायटीचा जिना जरूर झाडा. फक्त आधी मावशींना विचारा, कोपरे सोडू नका आणि पगाराची स्लिप शर्टाच्या खिशात ठेवा.