ॲव्हरेज किती देतो?

कॅलिफोर्नियात जुना इलेक्ट्रिक स्केटबोर्ड विकायला काढणारा माणूस नेहमी सडपातळ असतो. त्याच्या घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता कॅरमबोर्डासारखा सपाट असतो, वारा जाताना आणि येताना पाठीमागूनच वाहतो. यातले तो काही लिहीत नाही. जाहिरातीत तो एवढेच म्हणतो, ‘एका चार्जवर 12 मैल’. बाकीचे त्या 12 वरून ताडायचे असते.

ताडायला येतो सनीवेल किंवा फ्रीमाँटचा एखादा मराठी गृहस्थ. हा सडपातळ नसतो. लहानपणी फळीला जुनी बेअरिंगे ठोकून केलेल्या गाडीवरून उतारावर गुडघे फोडून घेतलेला हा माणूस आता चाळिशीत पुन्हा फळीवर उभा राहायचे म्हणतो आहे, तेही स्टेशनापासून ऑफिसपर्यंतचे अंतर कापायला, असे निदान घरी सांगितलेले असते. वडिलांनी स्कूटर घेताना शोरूममध्ये जो प्रश्न विचारला होता तोच तो इंग्रजीतून विचारतो: ॲव्हरेज किती देतो? उत्तर येते, ‘12, आरामात.’

हे 12 विकणाऱ्याने पदरचे घातलेले नसतात. ते कंपनीचेच असतात. बूस्टेड या कंपनीच्या दुसऱ्या पिढीच्या बोर्डाला दोन बॅटऱ्या मिळत. लहान 99 वॉट-अवरची, सुमारे 7 मैलांची, आणि मोठी 199 वॉट-अवरची, 12 मैलांची. भागाकार केला तर किलोमीटरला साधारण 10 वॉट-अवर पडतात. एका चाकावर तोल सांभाळणाऱ्या वनव्हीलच्या एक्सआर मॉडेलची बॅटरी 324 वॉट-अवरची, आणि तिची रेंज कंपनीनेच 12 ते 18 मैल अशी सांगितलेली. बारा ते अठरा! दूधवाल्याने लिटरमागे एवढी सैल मापे धरली तर सोसायटीची तातडीची सभा भरेल. पण कंपनीचा नाइलाज आहे, कारण रेंज ही एकट्या बोर्डाची नसतेच. तीत स्वाराचे वजन, त्याची घाई, हवेचा विरोध आणि त्याचा पत्ता एवढ्यांचा वाटा असतो.

पत्त्याचा वाटा सगळ्यात मोठा. माणूस आणि बोर्ड मिळून 90 किलो धरले, तर 100 मीटर चढायला नुसत्या उचलण्यापोटीच सुमारे 25 वॉट-अवर लागतात. पुढे जाण्याचा खर्च आणि मोटरमध्ये उष्णता होऊन उडून जाणारी ऊर्जा वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ट्विन पीक्सची उंची 281 मीटर आहे. समुद्रसपाटीवरून तिथे पोचायचे तर 99 वॉट-अवरच्या बॅटरीतले 69 केवळ गुरुत्वाकर्षणाला द्यायचे. उरलेल्या तिसात बाकीचा सगळा प्रवास बसवणे अवघड, म्हणून हा स्वार अर्ध्या वाटेवर बोर्ड काखेत मारून चालताना दिसतो.

उतरताना मात्र मजा, असे वाटते. या बोर्डांचे ब्रेक म्हणजे मोटरच उलटी कामाला लावणे. ती वीज बनवून बॅटरीत परत ढकलते. पण ज्याचे घर टेकडीच्या माथ्यावर, त्याने रात्रभर इमानेइतबारे 100 टक्के चार्जिंग केले आणि सकाळी उतार धरला, की बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसते. बोर्ड आधी बीप-बीप करून विनवतो आणि तरीही ऐकले नाही तर ब्रेक सोडून देतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्बर्ट स्ट्रीटचा एक तुकडा 31.5 टक्के उताराचा आहे. तिथे ही माहिती उपयोगाला येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून टेकडीवरच्या रहिवाशाने थोडे कमी चार्जिंग करून निघावे. पोटभर खाऊन घराबाहेर पडावे या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

आता सौद्याकडे. गिऱ्हाईक बोर्ड उलटा करतो आणि खालची बाजू खरवडलेली पाहून नाक मुरडतो. उगाच. झीज दिसते ती सगळी सज्जन झीज असते. पट्ट्याचे दात गेले, पट्टा बदलावा. बेअरिंग खरखरते, तर 608 नंबरचे, म्हणजे 8 मिलिमीटर भोकाचे आणि 22 मिलिमीटर व्यासाचे, बेअरिंग जगात कुठेही किरकोळ किमतीत मिळते. ट्रकमधली, म्हणजे चाकांचा आस धरणाऱ्या फळीखालच्या सांध्यातली, रबरासारखी बुशिंगे वाळली की वळताना बोर्ड कुरकुरतो, तीही स्वस्त. नटबोल्ट हादऱ्यांनी सैल होतात, ते अधूनमधून आवळावेत. पाण्यातून बोर्ड नेऊ नये, आणि नेलाच तर निदान विकताना तसे सांगावे. देखभालीचे सगळे शास्त्र एवढ्यात आटोपते. अपवाद चाकातच मोटर असलेल्या बोर्डांचा. त्या चाकांवरचे पॉलीयुरेथेनचे वेष्टन पातळ असते आणि ते झिजले की त्याच मापाचे शोधत बसावे लागते.

चाकांच्या झिजेत एक गंमत आहे, ती विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बोर्ड अंतर मोजतो चाकाचे फेरे मोजून. 80 मिलिमीटरचे चाक झिजून 76 चे झाले, तरी हिशेब 80 चाच चालू राहतो. म्हणजे प्रत्यक्ष 19 किलोमीटर गेलेल्या स्वाराला ॲप 20 दाखवते. चाक जितके झिजलेले तितकी रेंज कागदावर वाढलेली! नवी चाके बसवली की ॲव्हरेज पडले म्हणून कपाळाला हात लावणारे लोक आहेत.

खरी गोम बॅटरीत, आणि ती दिसत नाही. लिथियम-आयन बॅटरी 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत उतरते, असा ढोबळ अंदाज धरतात. पण फोनवर बोर्डाची टक्केवारी 100 च दाखवते, कारण ती उरलेल्याचे 100 टक्के असते. त्यातून आतले सेल एकामागे एक जोडलेले. समजा दहा आहेत. त्यांतला एक अशक्त निघाला की बाकी नऊ कितीही धडधाकट असोत, पंगतीतला एक उठला की सगळी पंगत उठते. सपाट रस्त्यावर 40 टक्के दाखवणारा बोर्ड चढाला लागताच जोर मागतो, म्हाताऱ्या सेलांचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने व्होल्टेज कोसळते आणि 40 चे बघता बघता 12 होतात. सपाटीवर आल्यावर पुन्हा 30. बॅटरी बसत चालल्याची याहून उघड कबुली नाही.

म्हणून जाणकार गिऱ्हाईक मल्टिमीटर घेऊन जातो. दहा सेलांची बॅटरी पूर्ण भरली की 42 व्होल्टच्या आसपास दाखवते. साडेचाळीसच दाखवू लागली तर संशय घ्यावा. त्याहून बरे म्हणजे हेल्मेट घालून, जे कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही लागते, बोर्ड थेट जवळच्या चढावर न्यावा. विकणारा म्हणतो, इथेच पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारा. पार्किंगमध्ये सगळेच बोर्ड उत्तम चालतात.

प्रस्तुत लेखकाला जाहिरातीतला सर्वांत धोक्याचा शब्द वाटतो तो ‘न वापरलेला’. दोन वर्षे गॅरेजात रिकामा पडून राहिलेला बोर्ड हा रोज दामटलेल्या बोर्डापेक्षा वाईट. बॅटरीतले नियंत्रक सर्किट पडल्या पडल्याही थेंबथेंब वीज पीत राहते, सेल ठरलेल्या मर्यादेखाली जातात आणि नंतर सुरक्षितपणे चार्ज होण्याच्या लायकीचे उरत नाहीत. ठेवायचाच तर अर्धा भरून, गारव्यात ठेवावा आणि अधूनमधून विचारपूस करावी. त्यापेक्षा रोज ऑफिसला जाणाऱ्याचा ओरखडलेला बोर्ड घ्यावा. त्याचा मालक निदान रोज पोचत होता.

दुसरा प्रश्न वारसाचा. बूस्टेड 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी काढली. त्यांतल्या संजय दस्तूर यांनी 2013 मध्ये टेडच्या मंचावर हा बोर्ड दाखवला होता. मार्च 2020 मध्ये, चिनी मालावरच्या आयातशुल्काला दोष देत, कंपनीने गाशा गुंडाळला. बोर्ड रस्त्यावर राहिले, माहेर गेले. पट्टे, चाके इतर लोक करतात. बॅटरी मात्र उघडून दुरुस्त करणाऱ्या हौशी कारागिरांच्या हवाली. त्यांची कला मोठी असते, पण ती आपल्या दिवाणखान्यात, रात्रभर चार्जिंगला लावून तपासू नये.

एवढे करून घेतलेला बोर्ड डिसेंबरात पुण्याला न्यावा, भाचरांना दाखवावा, असे गृहस्थाच्या मनात येतेच. विमानात 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सहसा चालते, 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. 2015 च्या अखेरीस हॉवरबोर्ड पेट घेऊ लागल्यापासून बऱ्याच कंपन्या असली वाहने सरसकट नाकारतात. वनव्हीलचा प्रश्नच मिटला. बूस्टेडची लहान बॅटरी 99 ची होती ती याच शंभराच्या आत बसते, त्यामुळे परवानगी देणारी कंपनी शोधून गृहस्थ काउंटरवर उभा राहतो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली बॅटरी किती लहान आहे हे पटवून सांगू लागतो. काउंटरवरची बाई लेबल पाहायला मागते. बोर्ड उलटा होतो. खडीने खरवडलेल्या लेबलवर दोन नऊ स्पष्ट दिसतात. त्यांच्या डावीकडे एक उभी रेघ आहे, ती 199 मधला एक आहे की ओरखडा, यावर दोघांचे एकमत होत नाही आणि मागची रांग वाढत जाते.