पत्र साहेबांचं नको, सरांचं हवं

बारामती-इंदापुरात पत्राला वजन आहे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात खाट हवी, वसतिगृहात जागा हवी, बदली हवी, की माणूस आधी पत्र मिळवायला निघतो. आमदारांचं, खासदारांचं, नाहीतर कारखान्याच्या चेअरमनचं. म्हणून एमबीबीएस झालेली मुलगी घरात म्हणाली की अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, शिफारसपत्रं लागतात, तर बाप लगेच म्हणतो, ‘त्यात काय, साहेबांचं घेऊ.’

घेऊ नका. एका रेसिडेन्सी प्रोग्रॅमला जास्तीत जास्त 4 पत्रं जोडता येतात. मुलीला खाटेशी काम करताना ज्याने कधी पाहिलं नाही, त्याच्या पत्राने त्यातली एक जागा अडवली तर नुकसान तिचंच आहे.

अमेरिकेच्या लेखी बारामतीत शिकलेला डॉक्टर हा परदेशात शिकलेला डॉक्टर. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे 2019 साली 100 जागांवर सुरू झालं. आता तिथून इंटर्नशिप पुरी केलेले डॉक्टर बाहेर पडू लागलेत. 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता मिळाली आणि देशातल्या 706 वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदवीधरांचा तिकडचा रस्ता मोकळा राहिला. परीक्षेला आपली मुलं घाबरत नाहीत. अडतं ते पत्रापाशी.

जानेवारी 2022 पासून यूएसएमएलई या अमेरिकेच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला गुण देणंच बंद झालं. पास किंवा नापास, एवढंच कळतं. त्याआधी कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजचा मुलगाही घसघशीत गुणांवर डोळ्यांत भरायचा. आता दुसऱ्या टप्प्याचे गुण राहिले, आणि पत्रांचं वजन वाढलं. 2024 च्या ‘मॅच’मध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या, बाहेर शिकलेल्या डॉक्टरांपैकी साडेअठ्ठावन्न टक्क्यांना जागा मिळाली. बाकीच्यांनीही रात्री जागवल्या होत्या आणि एकेका परीक्षेला हजार डॉलरच्या आसपास मोजले होते.

तिकडची रीत अशी: पत्र शिक्षक लिहितो आणि पोर्टलवर तोच चढवतो. ते वाचायचा आपला हक्क विद्यार्थी आधीच लेखी सोडतो. वाचणारा हे धरून चालतो की या शिक्षकाने या मुलीला काम करताना पाहिलंय आणि जे दिसलं ते मोकळेपणाने लिहिलंय.

आपल्याकडे शिक्षक काय म्हणतात ते राज्यातल्या कुठल्याही इंटर्नला विचारा. ‘तू लिहून आण, मी सही करतो.’

ही एका कॉलेजची खोड नाही, जुनी आणि सगळीकडे पसरलेली रीत आहे. मुलगा सिनियरकडून नमुना आणतो, नाव बदलतो, प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवतो. पत्रात असतं की उमेदवार कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर आणि नम्र आहे. त्याच वर्षी त्याच टेबलावरून निघालेल्या बाकीच्या पत्रांतही हेच चार शब्द असतात. तिकडे शेकडो अर्ज चाळणाऱ्या प्रोग्रॅम डायरेक्टरला ते ओळखायला मिनिटही लागत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे खरोखर हुशार मुलगी आणि जेमतेम मुलगा या कागदावर एकसारखे दिसतात. गुणी मुलीवर याहून मोठा अन्याय तिच्याच शिक्षकाने कसा करावा?

लिहायला काही नसतं, असं मात्र कुणी म्हणू नये. या दोन तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत इंटर्नला जे बघायला मिळतं ते बोस्टनच्या विद्यार्थ्याला पुस्तकात वाचावं लागतं. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत जमिनीवर झोपलेल्या बाईला मण्यार चावते. चावा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून आणतात आणि बघता बघता पापण्या मिटायला लागतात. ते पोटदुखीवर न सोडता पापण्यांकडे बघून ‘मण्यार असेल’ असं म्हणणारी आणि श्वास मंदावण्याआधी व्हेंटिलेटरची सोय बघणारी इंटर्न, ही पत्रात लिहायची गोष्ट आहे. घोणस चावलेल्याचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती न हलवता वीस मिनिटं ठेवायची, गोठलं नाही तर प्रतिविष सुरू करायचं, ही साधी चाचणी रात्री अडीचला कुणी न सांगता कुणी लावली? द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्या माणसाला अ‍ॅट्रोपिन देताना कोण उशाशी बसून राहिलं, दर काही मिनिटांनी छाती ऐकत आणि डोस वाढवत? पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या अपघातातले चार जण एकदम आले तेव्हा आधी कुणाकडे जायचं हे कुणाला कळलं, आणि कोण नुसतं बघत उभं राहिलं?

हे युनिट हेडला आठवतं. राउंडवर ते तोंडभरून सांगतातही. तेच कागदावर उतरवायचं आहे, मोडक्या इंग्रजीत उतरलं तरी चालेल. मी या मुलीला किती महिने पाहिलं, कुठल्या वॉर्डात पाहिलं, तिने कुठली केस कशी हाताळली, मी शिकवलेल्या मुलांत ती कुठे बसते, आणि तिला अजून काय शिकायचं राहिलंय. पानभर पुरे. शेवटचा मुद्दा गाळू नका. उणीव सांगणारं पत्र वाचणाऱ्याला खरं वाटतं.

खेड्यातल्या वॉर्डातलं कोण वाचतो, असं वाटत असेल त्यांनी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवावेत. कोकणात विंचूदंशाने माणसं दगावत होती. त्यांनी रुग्णापाशी बसून लक्षणं टिपली, प्राझोसिन वापरून पाहिलं आणि नोंदी ‘लॅन्सेट’कडे पाठवल्या. त्या छापून आल्या, जगाने वाचल्या. स्वतः बघून लिहिलेल्या कागदाची ती ताकद होती.

इंग्लंडने या बाबतीत स्तुतीला जागाच ठेवलेली नाही. तिथे स्पेशालिटी ट्रेनिंगला जाणाऱ्या बाहेरच्या डॉक्टरकडे ‘क्रेस्ट’ नावाचा अर्ज मागतात. सलग तीन महिने ज्याने हाताखाली काम करून घेतलं, असाच वरिष्ठ त्यावर सही करू शकतो, आणि एकेका कौशल्यापुढे हे या डॉक्टरला जमतं की नाही ते त्याने सांगायचं असतं. मला हा अर्ज शिफारसपत्रापेक्षा सरस वाटतो.

आपले शिक्षक लिहीत नाहीत म्हणून मग एजंटांचं फावतं. अमेरिकेत महिनाभर एखाद्या डॉक्टरच्या मागे उभं राहायची सोय करून देतो, शेवटी पत्रही मिळेल, असं सांगणारा धंदाच उभा राहिलाय. एकेका महिन्याचे हजाराच्या वर डॉलर, विमान, राहणं, जेवण वेगळं. तिथलं काम जवळून बघण्याचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण महिनाभर नुसतं बघत उभ्या राहिलेल्या मुलाबद्दल तो डॉक्टर काय लिहिणार? आणि त्या कागदासाठी इकडे सोसायटीचं कर्ज काढायचं किंवा रस्त्याकडेची एकरभर जमीन विकायची? वर्षभर रात्रपाळ्या केलेल्या मुलाचं खरं पत्र ज्यांच्या हातात आहे ते सर इथेच आहेत, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

इंदापूरचा वाचक इथे मला अडवील, आणि त्याने अडवावंच. आमच्या पैशांतून शिकायचं, आमच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर कमी, आणि तुम्ही त्यांना बाहेर जायची पत्रं कशी लिहायची ते सांगताय? रास्त राग आहे. सरकारी कॉलेजात शिकलेल्याने बंधपत्राचं वर्ष इथे पुरं करावं, यावर माझं दुसरं मत नाही. पण खोटं पत्र देऊन कुणी इथे थांबत नाही. जाणारा जातोच, फक्त चुकीचा जातो.

शिवाय न बघता सही करायची सवय अमेरिकेच्या पत्रापुरती राहत नाही. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्समध्ये शिकून आलेली आपल्याच तालुक्यांतली मुलं एफएमजीई ही परदेशी पदवीधरांची परीक्षा पास झाली की त्यांना इथे किमान वर्षभर इंटर्नशिप करावी लागते. 300 प्रश्न, पासाला 150, आणि तरी बहुतेक वेळा तीनातला एकही धड पास होत नाही अशी ती परीक्षा आहे. तिच्यातून निघालेल्या मुलाने तिकडे रुग्णाला किती हात लावला, हे कुणाला ठाऊक नसतं. भाषेची अडचण असते, काहींची मधली वर्षं कोविड आणि युद्धामुळे पडद्यावर गेलेली असतात. म्हणून इथलं हे वर्ष मोलाचं. त्याची नोंद लॉगबुकात होते. इतके टाके घातले, इतकी बाळंतपणं केली, इतक्या नळ्या टाकल्या. हे लॉगबुक पोस्टिंग संपताना गठ्ठ्याने पुढे येतं आणि त्यावर गठ्ठ्यानेच सह्या होत असतील, तर त्या मुलाने पहिलं बाळंतपण खरोखर केलंय की नुसतं लिहिलंय, हे निमगाव केतकीच्या किंवा भिगवणच्या एखाद्या बाईच्या अंगावर कळणार.

अशा सह्यांची पुढे भरपाई करणारी कुठलीही दुसरी चाळणी नाही. आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर होतो, शिफारसपत्र कुणी मागत नाही. वशिल्याच्या भीतीने हे केलंय आणि ती भीती खरी आहे. पण मग हा डॉक्टर हाताने कसा आहे हे सांगणारा लॉगबुकातली सही हाच एक कागद उरतो.

अमेरिकेच्या अर्जांचा हंगाम सप्टेंबरमध्ये आहे. मुलं जून-जुलैतच दारात येतील. सर, मॅडम, त्यांना ‘लिहून आण’ म्हणू नका. समोर बसवा, दोन केस विचारा, आणि पत्र तुम्ही लिहा. ज्याला पाहिलंच नाही त्याला सरळ नाही म्हणा. आणि आईबापांनो, साहेबांच्या बंगल्यावर जाण्याआधी मुलीला एवढंच विचारा, की वर्षभरात तिचं काम कुणी डोळ्यांनी पाहिलं. पत्र त्यांच्याकडे मागा.